काशीतला शेवटचा दिवस: सामान, घाट आणि परतीची गाडी हे सगळं कसं जमवायचं

काशीला जाणाऱ्या आपल्याकडच्या लोकांचं पहिल्या दोन दिवसांचं प्लॅनिंग एकदम पक्कं असतं, विश्वनाथ कधी, आरती कधी, सारनाथ कधी, सगळं लिहून ठेवलेलं, आणि शेवटच्या दिवसापुढे नुसतं "खरेदी आणि परत" असं लिहिलेलं असतं. मग होतं काय की साड्या, गंगाजल, राहिलेलं एखादं देऊळ, शेजारच्यांनी सांगितलेली खेळणी, सगळं त्या एकाच दिवसावर येऊन पडतं, सामान दशाश्वमेधाजवळच्या आतल्या गल्लीतल्या गेस्टहाऊसवर असतं, आणि दुपारी चारला सगळी वरात आजीला धरून गोदौलियाच्या चौकात रिक्षा शोधत उभी. त्या वेळी तिथे रिक्षा नसते. पोलिसांनी बॅरिकेड लावलेलं असतं आणि चालायलाही जागा नसते.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की शेवटच्या दिवशी सामान सकाळी सकाळी गल्लीतून बाहेर काढा आणि मोकळ्या हातांनी घाटावर चालायला जा. त्या घाटांवर मराठी माणसाने बघावं असं इतकं काही आहे, आणि आपलीच माणसं ते न बघता साडीच्या दुकानात दिवस घालवून परत येतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. कसं करायचं ते सविस्तर सांगतो.

आधी तिकीट नीट वाचा

हे आदल्या रात्रीच करा. बनारसला स्टेशनं एक नाही, बरीच आहेत. वाराणसी जंक्शन म्हणजे ज्याला तिथे सगळे "कॅन्ट" म्हणतात ते. बनारस स्टेशन वेगळं, त्याचं आधीचं नाव मंडुआडीह, २०२१ साली नाव बदललं. वाराणसी सिटी वेगळं, काशी वेगळं. आणि सगळ्यात जास्त घोळ ज्याचा होतो ते पंडित दीनदयाल उपाध्याय जंक्शन, म्हणजे जुनं मुघलसराय, २०१८ मधे नाव बदललं पण रिक्षावाला आजही मुघलसरायच म्हणतो. हे गंगेच्या पलीकडे आहे, शहरापासून पंधरा-सतरा किलोमीटर. मुंबईकडे येणाऱ्या बिहारच्या बऱ्याच गाड्या वाराणसीत येतच नाहीत, मुघलसरायवरूनच निघून जातात, त्यामुळे तिकिटावर डीडीयू लिहिलं असेल तर तुमचं सगळं वेळापत्रक बदलतं हे लक्षात घ्या. राजघाटच्या पुलावर एकदा ट्रॅफिक अडकला की अडकला. हा पूल १८८७ चा, खाली रेल्वे आणि वर रस्ता, आणि मोठा ट्रॅफिक अजूनही त्याच्यावर असतो.

विमान असेल तर बाबतपूरचा लाल बहादूर शास्त्री विमानतळ शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटर आहे. रस्ता चांगला झालाय, पण वेळ जातो तो शहरातून बाहेर पडेपर्यंत.

आता उलटं मोजायचं. गाडी कॅन्टहून संध्याकाळी ७ ची धरू. ६ ला स्टेशनवर पाहिजे. गोदौलिया ते कॅन्ट अंतर चार-पाच किलोमीटरच आहे पण संध्याकाळी त्याला तास धरा, म्हणजे ५ ला रिक्षात बसलेलं पाहिजे, आणि गल्लीतून रिक्षा मिळेल त्या रस्त्यापर्यंत सामान घेऊन यायला अर्धा-पाऊण तास, म्हणजे ४ ला खोली सोडायची. मुघलसरायची गाडी असेल तर आणखी दीड तास मागे या. हे असं मोजलं की कळतं की संध्याकाळच्या गाडीसाठी दुपारनंतरचा वेळ आपल्या हातात नसतोच, जे काय आहे ते सकाळी.

आणि एक, गाडी रात्री १० च्या आधीची असेल तर त्या दिवशी दशाश्वमेधाची संध्याकाळची आरती धरूच नका. आरती तासाभरात होते, पण जागा मिळायला आधी दीड-दोन तास जाऊन बसावं लागतं, आणि संपल्यावर ती सगळी गर्दी एकदम गोदौलियाकडे निघते, त्यात म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन घाईत जाणं मला तरी धोक्याचं वाटतं. आरती आधीच्या दिवशी बघा. राहिलीच असेल तर अस्सी घाटावर पहाटे आरती होते, २०१४ पासून तिथे "सुबह-ए-बनारस" नावाचा रोजचा कार्यक्रम असतो, आरती मग गाणं-बजावणं मग योगासनं, आणि पहाटेची गर्दी संध्याकाळच्या मानाने फारच सुसह्य.

सामान

हॉटेलवाले प्रेमाने सांगतात की सामान रिसेप्शनला ठेवा, संध्याकाळी घेऊन जा. हॉटेल लंका, सिगरा, कॅन्ट अशा रस्त्यावरच्या भागात असेल तर खुशाल ठेवा. पण घाटाजवळच्या गल्लीत असेल तर अजिबात नको, कारण मग ऐन गर्दीच्या वेळी तुम्हाला परत आत जावं लागतं आणि सामान घेऊन परत बाहेर यावं लागतं. त्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरून सांड आला की भिंतीला टेकून उभं राहावं लागतं, आणि एखादी अंत्ययात्रा मणिकर्णिकेकडे चालली असेल तर तिला वाट द्यायचीच, तो तिथला नियमच आहे.

सकाळी लवकर, सहा-सातच्या आत, गल्ल्या रिकाम्या असतात. तेव्हा सामान घेऊन बाहेर पडा. घरातल्या एकाने किंवा दोघांनी सामान घेऊन कॅन्टला जायचं आणि क्लोकरूममधे ठेवून यायचं, बाकीच्यांनी चहा घेत घाटावर बसायचं. क्लोकरूमला प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं, बिनकुलपाची बॅग घेत नाहीत, म्हणून छोटी कुलपं घरूनच न्या. पिशव्या, बोचकी असं काही सुटं ठेवू नका, एका मोठ्या बॅगेत घाला. ओळखपत्राची झेरॉक्स जवळ असू दे.

चाकाच्या बॅगांचा तिथे काही उपयोग नाही. दगडी फरशी, पायऱ्या, मधेच पाणी, शेण. एक तर पाठीवरची बॅग न्या नाहीतर हॉटेलला आदल्या रात्रीच सांगून सामान उचलणारा माणूस ठरवा, पैसे आधी बोलून घ्या.

आणखी एक उपाय आहे जो फार लोक करत नाहीत पण फार सोयीचा आहे. गेस्टहाऊस घाटालगत असेल तर सामान गल्लीतून न नेता होडीतून न्या. आदल्या संध्याकाळी नाववाल्याशी बोलून ठेवायचं की उद्या पहाटे इतकी माणसं आणि इतक्या बॅगा, आणि अस्सीला किंवा राजघाटाजवळच्या नमो घाटाला उतरवायचं. दोन्हीकडे गाडीरस्ता घाटाच्या जवळ येतो, शिवाय नमो घाट हा काशी स्टेशन आणि पुलाला लागून असल्यामुळे मुघलसरायला जाणाऱ्यांना तर उत्तमच. सूर्योदयही होडीतून बघून होतो, म्हणजे वेगळी बोट राईड करायला नको. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला. फक्त पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरमधे, हे जमत नाही, पाणी चढतं, होड्या बंद करतात आणि घाटांच्या पायऱ्याच पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्यावर चालतही जाता येत नाही. तेव्हा मुळात शेवटच्या रात्रीचा मुक्कामच कॅन्टजवळ हलवा. खरं तर श्रावणी सोमवार, महाशिवरात्र, देवदिवाळी, ३१ डिसेंबर असल्या दिवसांतही मी हेच सांगेन.

आता सकाळ, म्हणजे खरी गोष्ट

सामान गेलं. आता पायात साधी चप्पल, खांद्याला एक झोळी, पाण्याची बाटली. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट सगळे पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून, म्हणून सूर्य थेट समोरच्या वाळूवरून वर येतो आणि पहिलं ऊन पायऱ्यांवर पडतं. अस्सीपासून पार वरपर्यंत ८४ घाट मोजतात, सहा-सात किलोमीटर. शेवटच्या दिवशी सगळे चालायची गरज नाही. मी सांगतो तो तुकडा चाला, मुंशी घाट ते ब्रह्मा घाट, दीड-दोन किलोमीटर असेल, रमत गमत दोन तास. हाच तुकडा का, तर इथे जवळजवळ प्रत्येक घाटावर आपल्या लोकांचा हात आहे, आणि चालणं जिथे संपतं तिथून काळभैरव जवळ आहे, आणि काळभैरवापासून कॅन्टची रिक्षा मिळते. म्हणजे मागे फिरायला लागत नाही.

सुरुवात मुंशी घाटावरून. श्रीधर नारायण मुंशी हे नागपूरकर भोसल्यांचे मंत्री, त्यांनी हा बांधला. त्याला लागून दरभंगा घाट, तिथला तो उंच दगडी महाल सगळ्या फोटोंत असतो. मूळचा तोही मुंशींच्याच घाटाचा भाग, पुढे दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतला आणि नाव बदललं.

मग अहिल्याबाई घाट. इथे थोडं थांबा. आत्ताचं काशी विश्वनाथाचं जे देऊळ आहे ते अहिल्याबाई होळकरांनी १७८० मधे बांधलं, सोन्याचा पत्रा नंतर महाराजा रणजितसिंहांनी चढवला. २०२१ च्या डिसेंबरमधे देवळापासून गंगेपर्यंतचा जो कॉरिडॉर खुला झाला त्यात अहिल्याबाईंचा पुतळा बसवलाय, तो बघितला नसेल तर दर्शनाच्या वेळी नक्की बघा. महेश्वरला बसून त्या बाईने इथे देऊळ उभं केलं, घाट बांधला, आणि लोक या घाटावर सेल्फी काढून वर लिहिलेलं नावही न वाचता पुढे जातात. मुलं बरोबर असतील तर त्यांना इथे बसवून सांगा की ही कोण. पाचवी-सहावीतल्या मुलाला हे आयुष्यभर लक्षात राहतं.

पुढे दशाश्वमेध, सकाळीही गर्दी असतेच, पुढे चला. मानमंदिर घाटावर सवाई जयसिंगांची वेधशाळा आहे, खगोलाची आवड असेल तर वर जा. ललिता घाटावर लाकडी नेपाळी देऊळ.

मग मणिकर्णिका. इथे कॅमेरा आत, मोबाईल आत. चिता चोवीस तास जळत असतात, कुणाचं तरी माणूस गेलेलं आहे, आणि आपण मजेने आलोय हे तिथे दिसता कामा नये. कुणी जवळ येऊन "इथून छान दिसतं, वर चला" म्हणालं तर जाऊ नका, वर नेऊन गरिबांच्या लाकडांसाठी म्हणून मोठी रक्कम मागतात आणि बायका-मुलांसमोर आवाज चढवतात. हात जोडून नाही म्हणायचं आणि चालत राहायचं. खालची वाट बंद असेल तर वरच्या गल्लीने वळसा घालून पुढच्या घाटावर उतरता येतं, कुणालाही "सिंधिया घाट?" एवढंच विचारा.

शिंदे घाट म्हणजेच हा सिंधिया घाट. बायजाबाई शिंद्यांनी १८३० मधे इतका भारी घाट बांधायला काढला की वजनानेच तो खचला, पुढे परत बांधावा लागला. कडेला पाण्यात तिरकं झालेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे, पावसाळ्यात त्याचा बराचसा भाग पाण्यात असतो. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही बायजाबाईंचाच.

पुढे भोसले घाट, नागपूरकरांचा, वर लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि किल्ल्यासारखी भिंत, हा घाट फारसं कुणी बघत नाही आणि म्हणूनच शांत असतो. मग गणेश घाट, तिथे अमृतराव पेशव्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ. मग राम घाट, जटार घाट, नावं वाचत चला. आणि मग पंचगंगा. वर आलमगीर मशीद, औरंगजेबाच्या काळातली, जिथे आधी बिंदुमाधवाचं, म्हणजे विष्णूचं, मोठं देऊळ होतं, आत्ताचं बिंदुमाधव बाजूलाच आहे आणि ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. आणि याच पंचगंगेच्या परिसरात १५७३ साली एकनाथ महाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पुरी केली. पैठणला सुरू केली, काशीत संपवली, मराठीत. आमच्या घरी एकनाथी भागवताचं पारायण असायचं, पण हे पायऱ्यांवर उभं राहून कळलं तेव्हा आत्या पंधरा मिनिटं जागची हलली नाही. तुमच्याबरोबर कुणी वारकरी घरातलं असेल तर इथे वेळ ठेवा, घाई करू नका. कार्तिकात आलात तर इथे बांबूवर आकाशदिवे लावलेले दिसतील.

शेवटी दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकात इथे येऊन राहिले, त्यांनी हे घाट बांधून काढले, आणि मग कोकणातली, देशावरची कितीतरी घरं या गल्ल्यांत येऊन वसली. अजूनही काही दारांवर मराठी आडनावं दिसतात. कुणी म्हातारं ओट्यावर बसलेलं असेल तर नमस्कार करून मराठीत बोला, त्यांची मराठी जरा जुन्या वळणाची आणि हिंदी मिसळलेली असते, ऐकायला फार गोड वाटते. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच, त्यांचं घराणं मूळचं पैठणचं. आणि झाशीची राणी जन्मली ती इथेच, तिचं स्मारक अस्सीजवळ भदैनीत आहे, ते मात्र या वाटेवर नाही, अस्सीला राहत असाल तर आदल्या दिवशी बघून टाका.

दर्शन

विश्वनाथाचं दर्शन शेवटच्या दिवशी परत घ्यायचा मोह होतो. रांग किती लागेल याचा अंदाज कुणालाच देता येत नाही, मोबाईल, चामड्याचा पट्टा, स्मार्टवॉच सगळं लॉकरमधे ठेवायला लागतं आणि ते परत घ्यायलाही रांग. घ्यायचंच असेल तर मंदिराच्या अधिकृत वेबसाइटवर सुगम दर्शनाचं तिकीट आधी काढा, गल्लीत "व्हीआयपी दर्शन" म्हणून मागे लागणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका. मन होत नसेल तर कळसाला बाहेरून नमस्कार करा, आपल्या आज्या तेच करायच्या.

शेवटच्या दिवसाचा देव खरा काळभैरव. तो काशीचा कोतवाल, त्याला सांगितल्याशिवाय काशी सोडायची नाही असं मानतात. देऊळ पेशव्यांनी बांधलेलं. ब्रह्मा घाटावरून वर चढलात की गल्ल्यागल्ल्यांतून दहा-पंधरा मिनिटं. इथे काळा गंडा मिळतो, तो घरच्यांसाठी मोजून घ्या नाहीतर परत आल्यावर कुणीतरी रुसतं. रविवारी आणि मंगळवारी गर्दी खूप. दुपारी देऊळ बंद असतं, म्हणून साधारण बाराच्या आत पोचा. साक्षीविनायकाचं दर्शन राहिलं असेल तर ते विश्वनाथ गल्लीच्या परिसरात आहे, त्यासाठी दशाश्वमेधाहून वर चढून परत घाटावर यावं लागेल. तो यात्रेची साक्ष देतो, म्हणून जुनी माणसं त्याला चुकवत नाहीत.

खरेदी

साडी शेवटच्या दिवशी घेऊ नका. हे मी कळकळीने सांगतोय. बनारसी शालूला दोन-तीन दुकानं फिरायला लागतात, उजेडात रंग बघायला लागतो, मागची बाजू बघायला लागते, आणि घड्याळाकडे बघत घेतलेली साडी हटकून महाग पडते. आदल्या दिवशी अर्धा दिवस काढा. बघायचं काय, तर कढुआ विणीत प्रत्येक बुट्टा वेगळा विणलेला असतो त्यामुळे मागे सुटे धागे लोंबत नाहीत, फेकुआत धागा आडवा जातो आणि मग मागून कापतात, दोन्ही हातमागावर होतं त्यामुळे मागे कापलेले धागे दिसले म्हणून ती पॉवरलूमचीच असं लगेच समजू नका. काठाच्या कडेला बारीक टाचण्यांची भोकं दिसतात का ते बघा, हातमागावर कापड ताणून धरल्याची ती खूण. हँडलूम मार्क आणि सिल्क मार्क मागा. बनारसी साडीला २००९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, पण दुकानदार तोंडाने जीआय म्हणाला एवढ्यावर जाऊ नका. आणि रिक्षावाल्याने, नाववाल्याने नेलेल्या दुकानात त्याचं कमिशन तुमच्याच बिलात येतं, ओळखीने किंवा स्वतः चालत जा. मदनपुरा, पीलीकोठी हे विणकरांचे भाग.

शेवटच्या दिवशी घ्यायच्या त्या लहान आणि ठरलेल्या वस्तू. लाकडाची रंगीत खेळणी विश्वनाथ गल्लीत. ठठेरी बाजारात तांब्या-पितळेचं. लाल मिरचीचं भरलेलं लोणचं, बाटली नीट सील करून. लाल पेढा घ्या, तो प्रवासात टिकतो. जून-जुलैत असाल तर लंगडा आंबा, कच्चाच. हिवाळ्यात सकाळी मलइयो, म्हणजे दुधाचा गोड फेस, मिळतं ते तिथेच उभं राहून खा, न्यायचा प्रयत्न करू नका, उन्हात त्याचं पाणी होतं. सकाळचा नाश्ता कचौडी-जिलेबी, घाट चालून झाल्यावर, भूक कडकडून लागलेली असते तेव्हा.

सामान फारच वाढलं तर काळभैरवाजवळ विश्वेश्वरगंजला हेड पोस्ट ऑफिस आहे, पुस्तकं, कपडे असं न फुटणारं तिथून घरी पाठवून द्या. रविवारी बंद.

गंगाजल

गंगाजलाचे तांब्याचे गडू झाकण झाळून मिळतात, आपल्या घरातून देव्हाऱ्यात असतात तसे. घेताना हलवून बघा, उलटा धरून कागदावर ठेवा, थेंब पडतो का बघा, मग पैसे द्या. स्वतः घाटावर भरणार असाल तर जाड प्लास्टिकची बाटली, वर गळ्याइतकी जागा रिकामी, झाकणाला टेप, आणि दोन पिशव्या. विमानाने जात असाल तर गडू चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांच्या मधे. सिक्युरिटीवाल्याला बंद धातूच्या भांड्यात काय आहे ते दिसत नाही आणि तो उघडायला सांगू शकतो, मग एवढा झाळलेला गडू फुकट.

किती घ्यायचे हे मावंदं करणार का त्यावर ठरवा. काशीयात्रेहून आल्यावर मावंदं घालायचं असेल तर एक गडू त्या पूजेसाठी, एक देव्हाऱ्यात राहण्यासाठी, आणि वाटण्यासाठी वेगळ्या छोट्या कुप्या मिळतात त्या. रामेश्वरला जायचा संकल्प असेल तर त्यासाठी एक वेगळा, त्यावर आत्ताच नाव लिहून ठेवा म्हणजे घरी कुणी फोडणार नाही.

दुपार

बारा-एकच्या सुमारास काळभैरवाहून जवळच्या मैदागिनच्या चौकापर्यंत चालत या आणि तिथून ऑटो किंवा टोटो (ई-रिक्षा) धरून कबीरचौरा, लहुराबीरमार्गे कॅन्टकडे निघा. कॅब बोलवायची असेल तर लोकेशन गोदौलिया टाकू नका, तिथे गाड्या सोडत नाहीत, मैदागिन नाहीतर लहुराबीर टाका, दक्षिणेकडे असाल तर लंका किंवा भेलूपूर. जुन्या शहरातून एकदा बाहेर पडलात की परत आत जायचं नाही, कितीही वेळ उरला तरी.

उरलेल्या वेळासाठी स्टेशनजवळच एक जागा आहे आणि माझ्या मते ती काशीतली सगळ्यात दुर्लक्षित जागा आहे: काशी विद्यापीठाच्या आवारातलं भारतमाता मंदिर. कॅन्टपासून दीडेक किलोमीटर. आत मूर्ती नाही. संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा उठावाचा नकाशा आहे, डोंगर, नद्या, पठारं, समुद्र सगळं खालीवर कोरलेलं. बाबू शिवप्रसाद गुप्तांनी बांधलं आणि १९३६ मधे गांधीजींच्या हस्ते उघडलं. आणि ही कल्पना त्यांना सुचली ती पुण्यात, महर्षी कर्व्यांच्या आश्रमात जमिनीवर केलेला मातीचा नकाशा बघून! पुण्याच्या लोकांनी तरी बघायलाच पाहिजे. वाकून सह्याद्री शोधा, मुलांना आपलं गाव कुठे येईल ते दाखवायला सांगा, अर्धा तास कसा जातो कळत नाही.

गाडी रात्री उशिराची असेल आणि चार-पाच तास हातात असतील तर सारनाथ, साधारण दहा किलोमीटर. धामेक स्तूपाभोवती हिरवळ आहे, म्हाताऱ्या माणसांना निवांत बसता येतं. अशोकस्तंभाचं चार सिंहांचं शीर्ष, आपली राजमुद्रा, तिथल्या म्युझियममधे आहे, ते शुक्रवारी बंद असतं.

डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या चार-चार, आठ-आठ तास लेट होतात, तेव्हा सकाळपासूनच ॲपवर गाडीचं स्टेटस बघत राहा आणि मुख्य म्हणजे ती गाडी सुरू कुठून होते ते बघा. वाराणसीहूनच सुटणारी असेल तर येणारी जोडगाडी किती लेट आहे त्यावर अंदाज येतो. लांबून येणारी असेल तर प्रयागराजकडून येतेय का पाटण्याकडून ते कळलं पाहिजे. फार लेट असेल तर प्लॅटफॉर्मवर थंडीत बसू नका, रिटायरिंग रूम मिळते का बघा, नाहीतर कॅन्टसमोरच्या एखाद्या साध्या लॉजमधे काही तासांसाठी खोली घ्या, चार माणसांत ते पैसे काहीच नाहीत. क्लोकरूममधून सामान मात्र गाडीच्या वेळेच्या तासभर आधी काढा कारण तिथेही रांग असते, आणि पावती पाकिटात न ठेवता तिकिटाबरोबर ठेवा. रात्रीचं जेवण गाडीत मिळेल यावर विसंबू नका. पुरी-भाजी बांधून घ्या, सोबत घरून आणलेली चटणी असेलच. गडू सीटखाली, भिंतीच्या बाजूला, उभा ठेवा आणि पुढे चपला नाही तर बॅग लावा, म्हणजे रात्री कुणाचा पाय लागणार नाही.